चालकाच्या नावाचा रकाना

उसन्या मागण्याच्या वस्तूंमध्ये मोटारीचा क्रमांक तसा अलीकडचा. मागच्या पिढीत शेजारघरातून पाट, परात, सतरंज्या, लग्नकार्यासाठी मोठी पातेली अशी ये-जा चालत असे. पेरणीच्या दिवसांत क्वचित बैलजोडीही जाई. पातेल्याला पोचा आला तर तांबटाकडून तो काढून आणीत, दोन शब्द बोलत, आणि विषय संपे. मोटारीचे तसे नाही. तिच्यामागे नोंदणीचा कागद, विम्याचा कागद, चालविणाऱ्याचा परवाना आणि रस्त्यावरच्या एखाद्या अनोळखी माणसाचा जीव एवढे सारे बांधलेले असते. तरीही ती मागताना आणि देताना आपल्या तोंडी भाषा येते ती पातेल्याचीच. ‘असू दे हो, न्या की, घरचीच आहे.’

सांगली-कोल्हापूर भागातल्या कोणत्याही गावी घडू शकेल असा एक प्रसंग विचारासाठी घ्यावा. जयसिंगपूरसारख्या पेठेच्या गावातले एक कापड व्यापारी. त्यांना सारे गाव अण्णा म्हणते. त्यांचे चाळीस वर्षांचे स्नेही म्हणजे निवृत्त शिक्षक, अर्थातच गुरुजी. सकाळच्या अभिषेकाला दोघेही एकाच वेळी बस्तीत, चातुर्मासात स्वाध्यायाला शेजारी शेजारी. जानेवारीत गुरुजींच्या मनात आले की पत्नीसह कुंथलगिरीचे दर्शन घेऊन यावे. देशभूषण-कुलभूषण मुनींची ती निर्वाणभूमी. १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतली तीही तिथेच. गुडघेदुखीमुळे काकूंना एसटीचा प्रवास झेपत नव्हता. गुरुजींनी संकोचाने विषय काढला आणि तो पुरता बोलून होण्याआधीच अण्णांनी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.

परवाना पाहिला नाही. पाहण्याचा विचारही मनात आला नाही. चाळीस वर्षांच्या स्नेह्याला ‘लायसन दाखवा’ म्हणणे कोणाच्या जिभेवर येईल?

दर्शन उत्तम झाले. परतीच्या वाटेवर दोघांनी सूर्यास्तापूर्वी पंढरपुरात जेवण उरकले आणि सांगोल्याच्या दिशेने निघाले. तो गळीत हंगामाचा काळ. त्या दिवसांत त्या बाजूच्या रस्त्यांवर संध्याकाळनंतर गाडी हाकणे म्हणजे काय असते ते उसाच्या पट्ट्यातल्या वाचकांना सांगायला नको. समोरून येणाऱ्या ट्रकचा झोत डोळ्यांवर, आणि पुढे दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर. मागच्या बाजूस ना दिवा, ना रेडियमची पट्टी. गुरुजींनी ब्रेक दाबला, पण अंतर उरले नव्हते. गाडीचे नाक ट्रॉलीखाली गेले. दोघांनीही पट्टे लावलेले असल्यामुळे इजा झाली नाही. ट्रॅक्टरवाला खाली उतरला, ‘कारखान्यावरचा नंबर चुकंल’ म्हणाला आणि निघून गेला. त्या गडबडीत ना कोणी ट्रॉलीचा क्रमांक टिपला, ना एखादे छायाचित्र काढले. ती चूक पुढे महागात पडली. मागे दिवा नसलेल्या वाहनाचा दोष दाखवून त्याच्या विम्यातून काही भरपाई मागण्याची वाट तिथेच बंद झाली.

अण्णांना फोन गेला तेव्हा त्यांचे पहिले वाक्य होते, ‘गुरुजी, तुम्ही आणि वहिनी सुखरूप आहात ना? मग गाडीचं काय, लोखंड आहे, नीट होईल.’ हे वाक्य खरे होते आणि मनापासून होते. अपघाताच्या घडीला दुसरे कोणतेही वाक्य शोभलेही नसते. अडचण इतकीच की अशा वाक्यांना पुढे अर्थ चिकटतो. ऐकणाऱ्याला वाटते, प्रश्न मिटला. बोलणाऱ्याला वाटते, समोरचा माणूस आपण होऊन विषय काढील. दोघेही सज्जन, म्हणून दोघेही गप्प.

गाडी गॅरेजमध्ये आली. खर्चाचा अंदाज निघाला चौसष्ट हजारांचा. आणि विम्याचा दावा-अर्ज भरायला घेतला तेव्हा एका रकान्यापाशी हात थांबला : अपघातसमयी वाहन चालविणाऱ्याचे नाव, परवाना क्रमांक आणि परवान्याची मुदत. गुरुजींनी पाकिटातून परवाना काढला. मुदत संपून चार महिने झाले होते.

यात गुरुजींची बेफिकिरी होती असे म्हणवत नाही. पंचावन्न वर्षे ओलांडलेल्या माणसाचा परवाना एका वेळी पाचच वर्षांसाठी नवा होतो. छप्पन्नाव्या वर्षी केलेले नूतनीकरण एकसष्टाव्या वर्षी संपते, आणि निवृत्तीनंतर स्कूटरपलीकडे काही न चालविणाऱ्या माणसाला ती तारीख आठवत नाही. विम्याची आठवण कंपनी करून देते, गॅसच्या टाकीची आठवण टाकीच करून देते. परवाना मात्र पाकिटात मुकाट पडून असतो. तथापि कायद्याच्या दृष्टीने त्या संध्याकाळी गुरुजी विनापरवाना गाडी चालवीत होते.

गॅरेजमधल्या कारकुनाने आवाज खाली आणून सुचविले, ‘अण्णा, त्यात काय एवढं? तुमचं लायसन चालू आहे ना? तुम्हीच चालवत होता असं लिहू. सगळे लिहितात.’ त्याच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. त्याच्या लेखी ती गिऱ्हाईकाची सेवाच होती. अण्णांचा पुतण्या तिथेच उभा होता. त्याने तर धर्माचाच आधार दिला. सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत उपगूहन आहे, सहधर्मी बंधूचा दोष झाकावा असे शास्त्रच सांगते, मग काकांनी गुरुजींचा दोष झाकला तर बिघडले काय? जिनेंद्रभक्त शेठांनी नाही का क्षुल्लकाचे सोंग घेतलेल्या चोराला वाचविले?

हा युक्तिवाद वरवरचा नाही आणि आपल्या घरांतून तो अनेकदा ऐकू येतो. म्हणून तो नीट तपासला पाहिजे. जिनेंद्रभक्तांच्या कथेत चोरीस गेलेले रत्न शेठांच्या स्वतःच्या घरच्या चैत्यालयातले होते. पहारेकऱ्यांनी सोंगाड्याला पकडले तेव्हा ‘ते मीच आणायला सांगितले होते’ असे म्हणून त्यांनी धर्माची होणारी निंदा टाळली, आणि मग एकांतात त्या माणसाची कानउघाडणी करून त्याला घालवून दिले. हानी सोसली ती स्वतःची. दोष झाकण्याच्या बदल्यात कोणाकडून पै घेतली नाही. विम्याच्या कागदावर दुसऱ्याच्या जागी स्वतःचे नाव घालणारा माणूस मात्र दोष झाकीत नाही. तो दोषाचे पैसे करतो. आणि ते पैसे येतात कोठून? एकाच कंपनीकडे विमा उतरविलेल्या हजारो अनोळखी माणसांच्या हप्त्यांतून. उपगूहनाच्या लगेच पुढचे अंग स्थितिकरण आहे, म्हणजे घसरणाऱ्या माणसाला पुन्हा मार्गावर उभे करणे, हेही विसरता येत नाही. खोट्या अर्जाने गुरुजी कोणत्या मार्गावर उभे राहणार होते?

श्रावकाच्या सत्याणुव्रताचे अतिचार सांगताना आचार्य उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात आणि आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात दोन दोष समानपणे नोंदविले आहेत. एक कूटलेख, म्हणजे खोटा दस्तऐवज करणे. दुसरा न्यासापहार, म्हणजे ठेवीचा काही भाग गिळणे. दीड हजार वर्षांपेक्षा जुन्या या ग्रंथांचे कर्ते व्यापाऱ्यांच्या समाजाला उपदेश करीत होते. तोंडच्या असत्याची पुष्कळ रूपे त्यांना ठाऊक होतीच. तरीही कागदावरच्या असत्याला त्यांनी स्वतंत्र नाव दिले. चालकाच्या नावाचा रकाना भरताना त्याहून नेमका शब्द शोधूनही सापडणार नाही.

न्यासापहाराचा खुलासा तर उसन्या गाडीसाठीच केलेला वाटावा असा आहे. ठेव ठेवणारा किती ठेवले ते विसरतो आणि कमी मागतो. ठेव घेणारा ‘हो, तेवढेच होते’ म्हणून तेवढेच परत करतो. चोरी केली नाही, खोटेही धडपणे बोलला नाही, फक्त दुसऱ्याच्या विस्मरणाचा लाभ घेतला. उसनी नेलेली गाडी परत करताना खालच्या बाजूला दगड घासलेला असतो, डाव्या आरशाची काच हलकी तडकलेली असते, टायरला कट गेलेला असतो. मालकाच्या लक्षात येत नाही आणि आणून देणारा बोलत नाही. अशा वेळी ठेव पुरती परत झाली असे म्हणता येत नाही.

अण्णा रात्रभर विचारात होते. सकाळी त्यांनी रकान्यात गुरुजींचे नाव लिहिले, परवान्याचा क्रमांक लिहिला, आणि मुदत जशी होती तशी लिहिली.

काही आठवड्यांनी कंपनीचे पत्र आले : चालकाकडे वैध परवाना नसल्यामुळे दावा नामंजूर.

या ठिकाणी थोडे थांबून विम्याची रीत समजून घेणे आवश्यक आहे, कारण ‘विमा आहे ना, मग झालं’ या एका समजुतीवर गाड्या उसन्या दिल्या-घेतल्या जातात. विमा गाडीचा असतो. मालकाच्या संमतीने दुसऱ्या कोणी ती चालविली तरी तो लागू राहतो. मात्र चालविणाऱ्याकडे त्या प्रकारच्या वाहनाचा चालू परवाना हवा, तो मद्याच्या अंमलाखाली नसावा, आणि खासगी गाडी भाड्याने दिलेली नसावी. ही शेवटची अट अनेकांना माहीत नसते. इंधन नेणाऱ्याने भरावे ही रीत झाली. परंतु ‘दिवसाचे हजार द्या’ असे ठरले की खासगी गाडीचा भाड्याने वापर झाला असे कंपनी म्हणू शकते, आणि स्नेहापोटी दिलेल्या गाडीचे छत्र दिवसाच्या हजारात गमावले जाते.

गुरुजींचा परवाना चालू असता तर काय झाले असते? त्या चौसष्ट हजारांची फोड अशी होती. बॉनेट आणि फेंडर, म्हणजे पत्र्याचे भाग, वीस हजार. बंपर, हेडलाइट, जाळी असे प्लॅस्टिकचे भाग सोळा हजार. पुढची काच सहा हजार. मजुरी बारा हजार. रंगकाम आठ हजार. कूलंट, नटबोल्ट, इतर किरकोळ दोन हजार. गाडी साडेचार वर्षांची. शून्य घसाऱ्याचे जादा कलम घेतलेले नव्हते. अशा वेळी या वयाच्या गाडीच्या पत्र्याच्या भागांवर ३५ टक्के घसारा कापला जातो, म्हणजे सात हजार. प्लॅस्टिक-रबरावर वय काहीही असले तरी ५० टक्के, म्हणजे आठ हजार. काचेवर घसारा नाही, मजुरीवर नाही. रंगकामाचे एकत्र बिल असेल तर त्याचा चौथा हिस्सा साहित्याचा धरून त्याच्या निम्मे कापतात, म्हणजे एक हजार. किरकोळ साहित्याचे दोन हजार मिळत नाहीत. आणि १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला मालकाने सोसायची सक्तीची रक्कम एक हजार. एकूण कपात एकोणीस हजार. कंपनी देणार पंचेचाळीस हजार.

म्हणजे सर्व कागद बिनचूक असतानाही मालकाच्या खिशाला एकोणीस हजारांची चाट बसतेच. आणि हिशेब तिथेही संपत नाही. चार वर्षे दावा न केल्यामुळे अण्णांना हप्त्यात ४५ टक्के सूट मिळत होती. दावारहित वर्षांची ही सूट पायरीपायरीने चढते : २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के. एक दावा मंजूर झाला की ती शून्यावर येते आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावे लागते. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा मूळ हप्ता वर्षाला आठ हजार आणि तो स्थिर धरला, तर पुढच्या पाच वर्षांत अण्णांना अनुक्रमे चार हजार, चोवीसशे, दोन हजार, बाराशे आणि चारशे रुपये जास्त मोजावे लागले असते. बेरीज दहा हजार. ही रक्कम कोणत्याही बिलात छापून येत नाही, म्हणून गाडी नेणाऱ्याला ती कधी दिसत नाही आणि मालक ती कधी बोलून दाखवीत नाही. याच हिशेबाने, बारा-पंधरा हजारांच्या किरकोळ नुकसानीसाठी दावा न करता खर्च रोखीने भागविणे पुष्कळदा स्वस्त पडते. दावा करायचा की नाही हे आधी आकडे मांडून ठरवावे. आणि करायचा तर कंपनीला कळवून, पाहणी होऊ देऊन मगच गाडीला हात लावावा. ‘आधी दुरुस्त करून टाकू’ या घाईत कितीतरी रास्त दावे गेले आहेत.

हे झाले पत्र्याचे. माणसाला इजा झाली असती तर गोष्ट फारच वेगळी होती. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५ प्रमाणे परवाना नसलेल्या माणसाला गाडी चालवू न देणे ही मालकाची जबाबदारी आहे, आणि कलम १८० खाली त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ सालच्या स्वर्णसिंग प्रकरणातील निकालानंतर अनेक खटल्यांत असे आदेश झाले आहेत की विमा कंपनीने जखमीला किंवा मृताच्या वारसांना भरपाई आधी द्यावी आणि मग ती गाडीमालकाकडून वसूल करावी. जखमीच्या दृष्टीने हे न्याय्यच आहे. परंतु ज्याने केवळ किल्ली दिली त्या माणसाचे दुकान, घर, शेत त्या वसुलीखाली येऊ शकते. २०२० मधील एका निकालात चालकाच्या परवान्याची मुदत संपून तीन वर्षे झाली होती. परवान्याचे नूतनीकरण झाले की नाही हे पाहणे मालकाचे काम होते, असे न्यायालयाने तिथे स्पष्टपणे म्हटले. तो चालक नोकरीतला होता, स्नेही नव्हता. पण कलम ५ असा भेद करीत नाही. (सुट्टीत आलेल्या सतरा वर्षांच्या भाच्याला कौतुकाने गाडी देणाऱ्या मामांनी कलम १९९अ एकदा वाचावे : तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड, आणि गाडीची नोंदणी बारा महिने रद्द.)

आणखी एक बाजू तर बहुतेकांच्या कल्पनेतही नसते. गाडी नेणाऱ्यालाच काही झाले तर? मालक-चालकासाठी जे पंधरा लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते ते नोंदणीत ज्याचे नाव आहे त्याचे, मित्राचे नव्हे. इलकलहून आपल्या गावी मागून आणलेल्या मोटारसायकलवर निघालेला एक तरुण बैलगाडीला धडकून गेला. त्याच्या पत्नीच्या दाव्यावर २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वाहन मागून नेणारा माणूस मालकाच्या जागी उभा राहतो, आणि म्हणून कलम १६३अ खाली त्या वाहनाच्या विम्यावर त्याच्या वारसांना भरपाई मागता येत नाही. २०२० मध्ये न्यायालयाने हेच तत्त्व पुन्हा लागू केले. सांगोल्याच्या रस्त्यावर गुरुजींचे बरेवाईट झाले असते तर काकूंच्या हाती काय आले असते, हा विचार अंगावर काटा आणतो. थोडा जादा हप्ता भरून गाडीतल्या इतर माणसांसाठी अपघात संरक्षण घेता येते. ज्यांच्या घरची गाडी नेहमी चार घरी जाते त्यांनी ते घेतलेले बरे.

दावा नामंजूर झाल्याचे कळल्यावर अण्णांनी काय केले? गॅरेजचे चौसष्ट हजार भरले, गाडी सोडवून आणली आणि गुरुजींना सांगितले, ‘आता हा विषय नको.’ त्यांना वाटले, आपण मैत्री वाचविली.

दुसऱ्या आठवड्यापासून गुरुजी अभिषेकाच्या वेळी दिसेनासे झाले. नंतर कळले की ते पहाटे लवकर येऊन दर्शन घेऊन जातात. स्वाध्यायाला त्यांची जागा रिकामी राहू लागली. रस्त्यात भेट झाली तर बोलणे गोड, पण थोडके. अण्णांच्या घरी काही जण म्हणू लागले, ‘बघा, चौसष्ट हजार सोडले तरी माणूस टाळतो.’ खरे तर सोडले होते म्हणूनच तो टाळीत होता. आयुष्यभर वर्गातल्या मुलांना पेन्सिलही परत करायला शिकविलेल्या माणसाला चौसष्ट हजारांचे दान पेलवत नव्हते. आपण आहारदान देतो, औषधदान देतो; पण जे मागितले नाही आणि जे फेडण्याची इच्छा आहे ते दान करून टाकण्यात समोरच्याचा एक हक्क आपण काढून घेतो, हे उदार माणसाच्या सहसा ध्यानात येत नाही.

हा गुंता सोडविला तो अण्णांच्या पेढीवरच्या जुन्या दिवाणजींनी. वय ऐंशीच्या पुढे, डोळे अधू, हिशेब मात्र तोंडी. त्यांनी दोघांना दुपारी दुकानाच्या माडीवर बसविले. त्यांची मांडणी अशी होती. परवाना चालू असता तरी एकोणीस हजार जाणारच होते. ते अपघाताचे, आणि अपघात गुरुजींच्या हातून झाला. ते गुरुजींचे. उरलेले पंचेचाळीस हजार गेले ते मुदत संपल्यामुळे. मुदत पाहिली नाही कोणी? ज्याचा परवाना त्याने पाहिली नाही, आणि ज्याची गाडी त्यानेही पाहिली नाही. ‘अण्णा, दुकानातून पाचशेचं कापड उधार देताना तुम्ही वहीत सही घेता. पाच-सात लाखांची गाडी देताना हातभर लांबीचा कागद बघवला नाही तुम्हाला?’ तेव्हा ते पंचेचाळीस निम्मे निम्मे. गुरुजींचे एकूण साडेएकेचाळीस हजार, अण्णांचे साडेबावीस हजार. बोनसचा प्रश्न नाही, कारण दावाच मंजूर झालेला नाही.

अण्णा म्हणाले, ‘गुरुजींनी काही द्यायचं नाही.’ गुरुजी म्हणाले, ‘सगळे मीच देणार.’ दिवाणजींनी दोघांकडेही लक्ष दिले नाही. त्यांनी वहीच्या पानावर आकडे मांडले आणि खाली दोघांच्या सह्या घेतल्या.

प्रमाद या शब्दाचा आपल्या आचारशास्त्रात मोठा अधिकार आहे. हिंसेची व्याख्या करताना उमास्वामींनी भर दिला तो जीव जाण्याइतकाच प्रमत्त वृत्तीवर, म्हणजे असावधपणावर. किल्ली देताना अण्णा असावध होते. त्यात स्नेह होता, पण असावधपणाही होता. दिवाणजींच्या वाटणीने तो मान्य झाला आणि म्हणूनच ती दोघांनाही पटली. सारा दोष गुरुजींवर टाकला असता तर ते खचले असते. सारा माफ केला असता तर ते दुरावलेच होते.

गुरुजींनी साडेसतरा हजार तिथल्या तिथे दिले. उरलेले चोवीस हजार दरमहा तीन हजारांप्रमाणे, मार्चपासून आठ हप्त्यांत. निवृत्तिवेतन जमा झाले की दुसऱ्या दिवशी पाकीट घेऊन ते दुकानात येत, अण्णा ते मोजून घेत, वहीत नोंद होई. पहिल्या दोन महिन्यांत मोजताना अण्णांची मान खाली असे. तिसऱ्या महिन्यापासून मोजणे झाल्यावर चहा येऊ लागला. श्रावणात गुरुजी पुन्हा अभिषेकाला नेहमीच्या वेळी उभे राहिले, आणि दशलक्षण पर्वात स्वाध्यायाला शेजारची जागा भरली.

मधल्या काळात त्यांनी परवान्याचे नूतनीकरण करून घेतले होते. मुदत संपून वर्ष झालेले नसल्यामुळे पुन्हा चाचणी द्यावी लागली नाही. डॉक्टरांचे प्रमाणपत्र आणि उशिराचे जादा शुल्क एवढ्यावर काम झाले.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, क्षमावणीला, गुरुजी आणि काकू अण्णांच्या घरी आले. हात जोडून झाले, क्षमा मागून आणि देऊन झाली. मग गुरुजींनी सातव्या हप्त्याचे पाकीट टेबलावर ठेवले आणि त्याच्या शेजारी नवा परवाना. पुढच्या आठवड्यात काकूंच्या गुडघ्यांसाठी मिरजेला जायचे होते, एवढेच ते म्हणाले. अण्णांनी आधी पाकीट मोजले. नंतर चष्मा लावून परवाना हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला, शेवटची तारीख मोठ्याने वाचली, मोबाइलवर त्याचे एक छायाचित्र काढून ठेवले, आणि भिंतीवरच्या खिळ्याची किल्ली काढून गुरुजींच्या हातावर ठेवली.